सव्वापाच ते साडेपाच

माझ्या दिवसाला बरीच वर्षं रंग होते. निळा म्हणजे विचाराचं काम, पिवळा म्हणजे गिऱ्हाइकं, राखाडी म्हणजे ऑफिसातली माणसं आणि हिरवा म्हणजे घर. फोनमधल्या कॅलेंडरात पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीला रंग. निळ्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. पिवळी चौकट गिऱ्हाइकाच्या सोयीने हलायची. हिरवी मात्र कुठेही सरकवता यायची. हे मीच ठरवलं होतं, आणि ठरवताना त्यात काही गैर आहे असं वाटलं नव्हतं. घरची माणसं समजून घेतात, एवढाच त्यामागचा विचार.

आमची कंपनी कोरमंगलात आहे, उभ्याने इडली खायच्या एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर. मी आणि माझा भागीदार, दोघांनी मिळून ती काढली. छोट्या हॉस्पिटलांतल्या नर्सच्या पाळ्या लावून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दुसऱ्यांच्या वेळेची घडी बसवून देणं हाच धंदा असल्यावर आपली घडी विस्कटलेली चालत नाही, असं भागीदार म्हणायचा. तो पुण्याचा. पहाटे साडेचारला उठून गार पाण्याने आंघोळ करायचा. त्याचे सगळे टी-शर्ट करड्या रंगाचे, म्हणजे सकाळी काय घालायचं यात डोकं खर्ची पडायला नको. जेवायला रोज दहीभात, कारण तेच. मी पाचला उठायचे आणि चाळीस मिनिटं वाचायचे. वाचनालाही निळी चौकट होती. पाच चाळीसचा गजर झाला की वाक्य अर्ध्यात सोडून पुस्तक मिटायचं. सुरुवातीला त्याचा त्रास व्हायचा, मग होईनासा झाला.

महिन्यातून एकदा आमच्यासारख्या कंपन्या काढलेले आठदहा जण सकाळी नाश्त्याला जमायचो. धंद्याचं खरं कुणी फारसं बोलत नसे. मधुमेही माणसं एकमेकांना साखर विचारतात तसे आम्ही एकमेकांना दिनक्रम विचारायचो. कोण किती वाजता उठतो, कोण दुपारपर्यंत फोन उघडत नाही, कुणी मीटिंगा उभ्याने घेऊन निम्म्या वेळात संपवतो. मी तिथे बहुतेक ऐकायचेच. एकदाच बोलले, ते अण्णांबद्दल.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बंगळुरात किती पिढ्या आहोत हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. आमची मराठी कानडीत भिजलेली. वडिलांना अण्णा, थोरल्या बहिणीला अक्का. अण्णा रेल्वेत होते. येलहंका जंक्शनवर त्यांची बरीच नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या घरात ते आणि आई राहत होते. माझं कोरमंगला तिथून लांब. रस्ता मोकळा असला तर तास, नसला तर दोन. म्हणून जाणं महिन्यातून एकदा आणि बाकी फोन.

पूर्वी अण्णा आठवण झाली की फोन करायचे. मी मीटिंगमध्ये असायचे, उचलायचे नाही. उचलला नाही की ते काळजी करायचे आणि परत करायचे. एका रविवारी मी त्यांना समोर बसवून सांगितलं की रोज सव्वापाच ते साडेपाच ही वेळ तुमची, बाकी वेळी माझा फोन मुका असतो. त्यांच्या फोनवर मी तसं आमंत्रण पाठवलं. वेळ बदलावी लागली तर तिथे सूचना येईल, तिच्याखाली ‘हो’ दाबायचं, एवढं शिकवलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, “सरी. हे बरं. गाडी कधी येणार ते कळलं की माणूस निवांत बसतो.”

अक्का हुबळीला असते. ती त्यांना चिडवायची, काय अण्णा, कलेक्टरीणबाईंची वेळ मिळाली का आज. ते हसायचे, पण वेळ चुकवायचे नाहीत. सव्वापाचला फोन वाजायचा. पाठकोऱ्या कागदावर ते विषय लिहून ठेवत: नळाचा माणूस, अक्काचा मुलगा, वाचलेलं काही. एकेक विषय संपवायचे. पाच एकोणतीस झाले की म्हणायचे, “झाली तुझी वेळ. ठेवतो.” मी एकदाही म्हटलं नाही की बोला अजून.

नाश्त्याच्या टेबलावर मी हे सांगितलं होतं. माझे शहात्तर वर्षांचे वडील अजेंडा लिहून फोन करतात आणि मिनिटभर आधी ठेवतात. सगळ्यांना फार आवडलं. एकजण म्हणाला, माझ्या टीमला शिकवायला पाठव त्यांना. मलाही बरं वाटलं होतं.

अण्णा गेले तो बुधवार होता. त्या दिवसाचं जे पुढे लिहिते आहे, त्यातलं काही आईने सांगितलेलं आहे आणि काही तेव्हा फक्त मलाच माहीत होतं.

आईने सांगितलं ते असं. दुपारी ते उन्हात गच्चीवर चढले, पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला. आई खालून ओरडली, या वयात काय हे, पडलात तर कोण उचलणार. ते खाली आले, काही बोलले नाहीत. न बोलताच जेवले. चारला तिने कॉफी दिली तेव्हा म्हणाले की छातीत स्वल्प भरल्यासारखं वाटतंय, सव्वापाचला धाकटीशी बोलायचंच आहे, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते विचारतो. हॉस्पिटलांशी माझा रोजचा संबंध, म्हणून घरात डॉक्टर नेहमी मीच सुचवायचे. आई बरं म्हणाली आणि आत जाऊन पडली. सहाला दिवा लावायला उठून बाहेर आली तर ते खुर्चीत मान टाकून बसलेले. शेजारच्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलात सांगितलं की बराच उशीर झाला.

मला ठाऊक होतं ते असं. त्या दुपारी आमची एक मोठी बैठक चालली होती. चार चाळीसला भागीदार म्हणाला की आज हे संपवूनच उठू, अजून दीड तास देशील का. मी फोन टेबलाखाली धरला आणि हिरवी चौकट बोटाने ओढून साडेसहावर नेऊन ठेवली. मिनिटाच्या आत अण्णांचं ‘हो’ आलं. किती समजूतदार आहेत, असं मनात आल्याचंही आठवतं. सहा अठ्ठावीसला मी त्यांच्याशी बोलायला म्हणून बाहेर पॅसेजमध्ये आले. तेव्हा स्क्रीनवर शेजाऱ्यांचे चार फोन येऊन गेलेले दिसले.

येलहंक्याच्या घरी दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आई प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायची. टाकी, जेवण, कॉफी, छाती. आणि शेवटी हे, की रोज सव्वापाचला लेकीला फोन केल्याशिवाय राहत नसत, त्या दिवशी नाही केला. का नाही केला. मी आतच पडले होते, मला हाक मारली नाही, असं म्हणायची. का नाही मारली.

तिने मला एकदाच विचारलं, “तुला आला होता का गं त्यांचा फोन?” मी नाही म्हटलं. ते खरंच होतं.

ती का विचारते आहे हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. अक्काने सांगितलं. आईच्या मनाने घेतलं होतं की टाकीवरून ती बोलली त्याचा राग धरून ते गप्प बसले. रागातच तिला हाक मारली नाही, रागातच कुणाला फोन केला नाही आणि रागातच गेले. त्यापायी ती जेवत नव्हती. ताटावर बसायची, भात चिवडायची, उठायची. झोप तर नव्हतीच. अक्का म्हणाली, तू वाचणारी-लिहिणारी आहेस, तूच समजाव तिला. मी मान हलवली.

समजवायचं काहीच नव्हतं. त्यांनी फोन का केला नाही हे मला मिनिटासकट माहीत होतं. ते रागावले नव्हते. आईलाही उगाच घोर नको म्हणून गप्प राहिले असतील. दिलेली वेळ साडेसहाची होती आणि वेळेआधी गाडी सोडायची त्यांना सवय नव्हती. चार शब्दांत आईचा जीव मोकळा झाला असता. ते चार शब्द मी पाच दिवस बोलले नाही. रोज सकाळी ठरवायचे की आज दुपारी, माणसं कमी असताना. मग दुपारी कुणी आलंच तर सुटल्यासारखं वाटायचं. इतकी वर्षं प्रत्येक कामाला वेळ नेमून देणारी मी, मला एवढं एक काम उरकता येईना.

तिसऱ्या दिवशी भागीदार येऊन गेला. करडा टी-शर्ट, खाली सतरंजीवर मांडी घालून बराच वेळ बसला. तो वाईट माणूस नाही. निघताना दाराशी म्हणाला, “तू हवा तेवढा वेळ घे. फक्त किती ते सांग.” स्वतःच्याच कानावर ते पडल्यावर तो ओशाळला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, कदाचित आल्या आल्या.

सातव्या दिवशी दुपारी अक्का बाजारात गेली होती. आई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात न खाल्लेलं उप्पीट. मी तिच्या शेजारी बसले आणि उप्पिटाकडे बघत सांगितलं. त्यांची वेळ मी बदलली होती. सव्वापाचची साडेसहा केली. त्यांनी हो म्हटलं होतं. ते साडेसहाची वाट बघत होते.

आईने विचारलं, “काय काम होतं?”

“मीटिंग होती.”

“कसली?”

मला खोटं सुचलं होतं. एखादं हॉस्पिटल, एखादी अडचण, नर्सेस. ते मी सांगितलं नाही. ऑफिसात मीटिंगा फार झाल्यात, त्या कमी कशा करायच्या हे ठरवायला बसलो होतो, असं सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला नीट कळलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगायला लागले, पण तिला कळलं होतं.

“मग काय ठरलं?” तिने विचारलं.

“बुधवारी मीटिंग ठेवायची नाही, असं ठरलं.”

आईने ताटली पुढे ओढली. दोन घास खाल्ले. थंड झालंय म्हणाली. मी गरम करून आणते म्हटलं तर नको म्हणाली. तिसऱ्या घासाला थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “म्हणजे माझ्यावर रुसून नव्हते बसले.”

“नाही गं.”

“टाकीचं मनात नव्हतं त्यांच्या.”

“नव्हतं.”

तिने पदराने डोळे पुसले आणि सगळं उप्पीट संपवलं. मग तिथेच सतरंजीवर आडवी झाली. दहा मिनिटांत तिला गाढ झोप लागली. अण्णा गेल्यापासूनची पहिली. मी भिंतीला टेकून तशीच बसून राहिले. अक्का आली तेव्हा मी तिला बोटाने गप्प राहायला सांगितलं. तिने खुणेने विचारलं, काय केलंस. मी आत जाऊन तिलाही सांगितलं. ती पिशवीतल्या भाज्या काढून ओट्यावर ठेवत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “मी त्यांना चिडवायचे ना, त्यामागचं तुला कळायला हवं होतं.” त्यानंतर तेराव्यापर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर आई रडेल, ओरडेल, निदान काही दिवस माझ्याकडे बघणार नाही. तसं काही झालं नाही. ती जेवू लागली. दुपारची झोपू लागली. माझ्या अंगावर शाल आहे का बघू लागली.

त्याच सातव्या दिवशी संध्याकाळी अण्णांबरोबर जंक्शनवर काम केलेले एक गृहस्थ आले. काठी टेकत, रिक्षा करून, उन्हं उतरल्यावर. आईने त्यांना पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. टाकी, जेवण, कॉफी, छाती. मी स्वयंपाकघरात होते. सांगत सांगत ती शेवटाला आली आणि म्हणाली, “धाकटीची मीटिंग होती, तिने साडेसहाची वेळ दिली होती. म्हणून वाट बघत बसले हो.”

आवाजात माझ्याबद्दल काही नव्हतं. ना राग, ना टोमणा. आता तिची हकीकत पूर्ण झाली होती, तिला कुठे अडायला होत नव्हतं. पुढच्या दिवसांत जो येईल त्याला ती हेच, ह्याच शब्दांत सांगणार हे मला तेव्हाच कळलं, आणि तसंच झालं.

ते गृहस्थ म्हणाले, “हां, ते वेळेआधी कसे करतील.”

कॉफी वर आली होती. मी ती उतरवली, दोन पेल्यांत ओतली आणि बाहेर घेऊन गेले.