कोट घालून आलेले वेतवाले काका

दोन विमाने, एक आगगाडी, एक बस आणि शेवटी खाडी ओलांडणारी होडी, असा चार दिवसांचा प्रवास करून वेतवाले काका आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले, तेव्हा त्यांच्या अंगात जाड लोकरी कोट होता. वय एकोणसाठ. हातात एक पत्र्याची पेटी. भर दुपारची वेळ, केळीच्या पानांवरून वाफा निघताहेत, कुत्रीसुद्धा सावली धरून बसली आहेत, आणि हे गृहस्थ कोटाची सगळी बटणे लावून उभे! अंग घामाने चिंब. चेहऱ्यावर मात्र अशी प्रसन्नता, की जणू भगवंत स्वतः शेजारी उभा राहून त्यांना वारा घालतो आहे.

"अहो, कोट काढा! शिजून निघाल!" आमचे चहावाले टपरीतून ओरडले.

"काढतो, काढतो," ते हसून म्हणाले. "आजोबा इथून गेले तेव्हा अंगात सदरा होता फक्त. तिकडे उतरले आणि महिनाभर कुडकुडले. म्हटलं, घराण्यातला माणूस परत जाताना तरी कोट घालून जाऊ दे."

चहावाल्यांनी त्या दिवशी त्यांना दोन कप चहा पाजला.

त्यांचे आजोबा आमच्याच गल्लीतल्या कारखान्यात वेताच्या खुर्च्या विणत. तरुणपणी बर्फाच्या देशात गेले ते गेलेच. हातातली विद्या मात्र सोडली नाही. मुलाला दिली, नातवाला दिली. चार बोटे लांबीच्या लाकडी खुंट्या, एक वाकडा चाकू आणि "वेत अर्धा दिवस पाण्यात, मग ओल्या गोणपाटात" हा मंत्र, एवढी त्यांची इस्टेट. नातवाने चाळीस वर्षे ती सांभाळली. लेक सासरी गेली, पत्नी देवाघरी गेली, तेव्हा त्यांनी पेटी भरली. मनात एकच इच्छा: आजोबा ज्या चटईवर बसून विणत, त्या चटईवर बसून आपणही विणावे आणि उरलेले आयुष्य तिथेच सरावे. नाहीच जमले, तर तीन आठवड्यांनंतरचे परतीचे तिकीट खिशात होते.

कारखाना म्हणजे काय, तर एक लांबोडकी खोली. एका भिंतीला वेताच्या मोळ्या, दुसऱ्या भिंतीला बैठक फाटलेल्या खुर्च्या, खिडकीखाली चटई. चालवणारा त्यांचा चुलतभाऊ. राज्य मात्र आत्यांचे. आजोबांच्या धाकट्या भावाची ही लेक, वय एक्याऐंशी. दृष्टी अधू झालेली, पण बोटांना दिसत होते.

आणि स्वागत म्हणाल तर असे झाले, असे झाले, की काका त्या स्वागताखाली गुदमरले! पंख्याखालची खुर्ची त्यांची. फुलांच्या नक्षीची कपबशी त्यांची. कोरा टॉवेल त्यांचा. वेताला हात लावायला उठले, की चुलतभावाची बायको पुढे. "भाऊजी, तुम्ही कशाला? बसा हो!" आत्याही म्हणत, "बसा, बसा. दमून आलात." जेवायला बसले की, "पाहुण्यांना आधी वाढा." पहिला दिवस गोड गेला. दुसरा गेला. दहावा दिवस उजाडला, आणि काका माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"हजारो मैल आलो हो," ते म्हणाले. "आता दीड हात राहिलाय. खुर्चीपासून चटईपर्यंत. तेवढाच काही संपत नाही."

मी देवाचे नाव घेतले आणि पानाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

पण दयाघन परमेश्वराच्या वाटा वेगळ्या असतात. त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या दवाखान्यातून आठ खुर्च्या विणायला आल्या आणि चुलतभावाच्या अंगठ्याला चाकू लागला. काकांनी पाठच धरली. "एक तरी खुर्ची मला दे!" शेवटी तो म्हणाला, "बरं दादा, एक करा. उद्यापासून."

उजाडेपर्यंत दम कुणाला? घरातले कुणी उठायच्या आत काका अंगणातल्या हौदापाशी. एका खुर्चीपुरता वेत भिजवायचा, तर यांनी महिन्याभराच्या सगळ्या मोळ्या हौदात बुडवल्या! म्हटले, भावाला आयता तयार वेत मिळेल. अर्धा दिवस पाण्यात, मग ओल्या गोणपाटात. आजोबांचा मंत्र, काना-मात्रा न चुकवता. आणि दुपारी चटईवर बसून विणायला घेतले, तेव्हा त्या माणसाच्या मुखावरचा आनंद पाहावा! खुंटी ठोकावी, पट्टी ओढावी, खुंटी काढावी, पुढच्या भोकात ठोकावी; हात चालतो आहे आणि ओठ नामस्मरणात हलताहेत.

तिकडे बर्फाच्या देशात ओली बैठक शेगडीजवळ ठेवली, की सकाळपर्यंत वाळून अशी ताठ होई, की टिचकी मारली तर तबल्यासारखी बोलावी. इथे दुसऱ्या दिवशी काकांनी टिचकी मारली. थप्प! कणकेच्या गोळ्याला मारावी तशी. तिसऱ्या दिवशीही थप्प. गोणपाट उघडले, तर मोळ्यांवर काळे ठिपकेच ठिपके. वेताला बुरशी!

एवढ्यात आत्या आल्या, भिंत चाचपत. "बघू तरी पाहुण्यांचं काम," म्हणत खुर्चीवर टेकल्या, आणि टेकल्या त्या खाली खाली गेल्या. गुडघे वर, आत्या आत.

"अगं बाई! ही खुर्ची आहे का झोळी?"

दोघांनी धरून त्यांना बाहेर काढले. काका मान खाली घालून उभे. चुलतभाऊ भला माणूस, ठिपक्यांकडे पाहून म्हणाला, "असू दे दादा. पाहुण्याच्या हातून व्हायचंच."

त्या मायेच्या शब्दाने काकांचे डोळे भरले. ते हळूच म्हणाले, "तिकीट आहे माझ्याकडे. शुक्रवारचं."

"कसलं तिकीट? आणि कोण पाहुणा?" आत्या कडाडल्या. "पाहुणा कधी महिन्याचा वेत कुजवतो का रे? एवढं नुकसान घरच्या माणसाशिवाय कुणाला जमणार आहे! अरे गाढवा, एकोणसाठ वर्षं काय बर्फात डोकं ठेवलं होतंस? तुझ्या आजोबांनी तिकडे भिजवला असेल, तिकडची हवा कोरडी. इथे तर हवेतच पाणी आहे. वेत जन्माचाच भिजलेला! नुसतं ओलं फडकं फिरवायचं आणि मनगटानं ओढायचं. बस खाली. उसव ती झोळी."

काका मटकन चटईवर बसले.

"आणि ते ठिपके," आत्यांचे संपले नव्हते, "लिंबू चोळून एकेक पट्टी पुसायची. सगळ्या मोळ्या. तूच. माझे गुडघे मोडलेस ते वेगळंच."

"हो आत्या," काका म्हणाले, आणि रडता रडता हसू लागले.

पुढचे चार दिवस ते लिंबू चोळत होते. गल्लीतली मुले मोजत, काकांच्या किती मोळ्या झाल्या. आत्या शेजारी बसून त्यांचे मनगट धरून ओढायला लावत आणि सैल सुटले की हातावर चापट मारत. जमिनीवर बसून पाय वळले, तेव्हा त्यांनीच फर्मावले, "तो कोट शोभेला टांगलायस का? घडी कर आणि बुडाखाली घे." लोकरी कोट तेव्हापासून चटईवर आहे.

आठवी खुर्ची गुरुवारी संध्याकाळी झाली. आत्यांनी टिचकी मारली, कान लावला, आणि म्हणाल्या, "बरी आहे." बस्स, एवढेच. शुक्रवार आला तसा गेला. तिकिटाची आठवण कुणालाच झाली नाही. मी त्या सकाळी ओट्यावरून पाहत होतो. चुलतभावाची बायको दारातून ओरडली, "भाऊजी, किती वेळ झाला सांगून! ती पाण्याची बादली आणताय ना?"

"आलो, आलो!" म्हणत काका बादली घेऊन धावले. निम्मे पाणी अंगणात सांडले. त्याबद्दल पुन्हा बोलणी खाल्ली, ती मला माझ्या ओट्यापर्यंत ऐकू आली.