मैनीचं पथ्य

मैनीच्या चादरीखाली भात सापडला, तोवर अर्धा तिने गिळला होता. उरलेला मी तिच्या हातातून ओढून घेतला.

पन्नासच्या दशकात नागभीडकडच्या एका दवाखान्यात मी आया होते. शिक्षण चौथी. मैनी जंगलातल्या गावची, बाळंतीण, टायफॉइडची पेशंट. या तापात आतड्याला आतून जखमा होतात. ताप उतरला की भूक भयंकर लागते, पण आतडं कागदासारखं पातळ झालेलं असतं. घट्ट अन्न गेलं तर फाटतं. म्हणून नुसती पेज.

डॉक्टरांनी तिचं पोट तपासून केसपेपरवर लिहिलं. नर्सने ते मोठ्याने वाचलं; त्यातला 'वुल्फ' हा शब्द मला कळला नाही. मी विचारलं.

"वुल्फ म्हणजे लांडगा," डॉक्टर म्हणाले. "तो चावत बसत नाही, लचका तोडून गिळतो. इंग्रजांनी त्याच्या नावाचंच क्रियापद केलं. अधाशासारखं खाणं म्हणजे वुल्फ करणं."

मला ते पटलं. मी सगळ्या वॉर्डासमोर मैनीला लांडगीण म्हटलं.

तिची सासू नातवाला घेऊन दाराशी बसली होती. भात तिनेच आणला होता. तिलाही मी झापलं. ती उठलीसुद्धा नाही.

"लांडगीण काऊन गिळते, माईत हाय का तुले, बाई? पोटात भरून नेते अन् पिल्लायपुढं ओकते. पिल्लं ते खातेत."

"मंग?"

"हिचं दूध आटलं. पोरगं आठ दिसांपासून पेजेच्या पाण्यावर हाय. माय खाईन तवाच दूध उतरन ना?"

भात का नाही, हे आम्ही मैनीला दहा वेळा सांगितलं होतं. पोरगं काय पितं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी स्टोअरमधून दुधाच्या पावडरचा डबा काढून दिला. मी चमच्याने पोराला पाजलं. मैनी पडल्या पडल्या बघत होती.

दुपारी तिचं पोट लाकडासारखं कडक झालं. आतडं फाटल्याची ती खूण. ऑपरेशनची सोय चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात होती. मोटार यायच्या आत ती गेली. पोरगं जगलं.

पुढे अंगावर पाजणारी पेशंट आली की मी आधी पोराच्या दुधाची सोय करायची, मग आईला पथ्य सांगायची. बहुतेक जणी पाळायच्या.