डावा पाय पाहुणा

आटोमामा आपल्या डाव्या पायाला पाहुणा म्हणत. कुणाच्या घरी गेले की आधी पाहुण्याची सोय. दोन्ही हातांनी तो पाय उचलून पाटावर नीट ठेवायचा, लुंगी सारखी करायची आणि यजमानाला सांगायचं, "ह्याच्याकडे लक्ष देव नका. हा नुसता बसतो, काम नाय करत." नवखा माणूस हसावं की हळहळावं या विचारात पडे. तोवर मामांचा निम्मा चहा पिऊन झालेला असे.

घिवलीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला आले तेव्हा माझं वय पंचविशीचं आणि तोरा पन्नाशीचा होता. मामांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. त्यांचं खरं नाव दामोदर, पण त्या नावाने त्यांना गावात फक्त त्यांची बायको, जमनामामी, हाक मारत आणि तीसुद्धा रागावल्यावरच. तरुणपणी होडी किनाऱ्यावर ओढताना ओंडक्यावरून सरकली आणि त्यांच्या गुडघ्यावर आली. पाय राहिला, त्यातली ताकद गेली. हलत्या होडीत उभं राहता येईना म्हणून समुद्र सुटला. ट्रक शिकायला गेले तर क्लच दाबायला डावा पाय हवा. वर्षभर त्यांनी ओटीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणली. मामी सांगायच्या की त्या वर्षी ते समुद्राकडे पाठ करून बसत.

त्यांची सुटका केली ती एका गाडीने. अणुवीज केंद्र उभं करायला आलेल्या परदेशी साहेबांपैकी कुणीतरी जाताना आपली लांबलचक, फिकट हिरवी मोटार बोईसरच्या एका ठेकेदाराला देऊन गेला होता. तिला क्लचच नव्हता. गिअर आपले आपण बदलत; ऑटोमॅटिक गाडी, त्यावरूनच पुढे मामांचे आटोमामा झाले. ठेकेदाराच्या ड्रायव्हरांना हे भुताटकीसारखं वाटे, म्हणून ती गोदामात कोंबड्यांच्या विष्ठेखाली पडली होती. मामांनी ती पाहिली, आत बसले, पाहुण्याला एका बाजूला बसवलं आणि उजव्या पायाने गाडी चालवून गोदामाबाहेर काढली. होडीतला आपला वाटा त्यांनी धाकट्या भावाला विकून टाकला आणि ही गाडी घरी आणली. अख्ख्या कोळीवाड्याने त्यांना वेड्यात काढलं. मामीसुद्धा त्यात होत्या, आणि पुढे होत्या.

मग लोकांना गाडीची चटक लागली. नवरानवरी त्या गाडीतून निघू लागली. पण मामांचा जीव होता तो अडलेल्या बायकांवर. किनाऱ्यावरच्या गावांतून कुणाला पालघरच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं की टेम्पोत घालून नेत, आणि प्रत्येक गिअरला बसणारा धक्का त्या बाईच्या पोटाला कळे. मामांची गाडी एका गिअरमधून दुसऱ्यात लोण्यासारखी जाई. त्यांचं एकच म्हणणं असे, "मागं झोपलेल्या बाईनं इचारला पायजे, निंगालो का आपून? तवा ती डायवरी." एवढ्या एका वाक्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं.

मी घिवलीला आले त्या सुमारास गाडीचा गिअरबॉक्स घसरायला लागला होता. इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे जायला मागायची नाही. एकदा भर दुपारी एका पहिलटकरणीला घेऊन जाताना उमरोळीच्या अलीकडच्या चढावर गाडी अशीच बोंबलत उभी राहिली. मामा उतरून काही करू शकत नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या लोकांनी गाडी ढकलून चढ पार करून दिला. मुलगी सुखरूप बाळंत झाली, तीही दवाखान्याच्या व्हरांड्यात. बारशाचे पेढे घरी आले तेव्हा मामांनी हात लावला नाही. म्हणाले, "मी कुठं पोचवली? लोकांनी ढकलली." आणि त्या दिवसापासून ते पुन्हा समुद्राकडे पाठ करून बसू लागले. मामींनी मला एवढंच सांगितलं, "बाय, ही गाडी गेली तर ह्यो मानूस जाल." मामी एरवी माणसाविषयी इतकं बोलत नसत. मी घाबरले.

बोईसरच्या गॅरेजमधले इस्माईल उस्ताद ट्रकांचे डॉक्टर होते, पण असला गिअरबॉक्स त्यांनीही एक-दोनदाच उघडला होता. त्यांनी तेलाचा वास घेऊन निदान केलं. आतल्या चकत्या एकमेकींना पटकन घट्ट धरायच्या ऐवजी घासत राहतात, म्हणून जळतात. तेल जोराने आलं तर त्या चटकन धरतील. त्यासाठी परदेशात शिफ्ट किट नावाचा सामानाचा संच मिळतो: काही स्प्रिंगा, पोलादाचे छरे, वायसर आणि तेलाची भोकं मोठी करायचं ड्रिल. मामांचा भाचा जहाजावर नोकरीला होता. त्याने परदेशी बंदरातून फोन करून विचारलं की दुकानदार म्हणतोय, किट बऱ्याच तऱ्हेची असतात, शर्यतीचं हवं की कसलं? पोस्टातल्या फोनवर मामा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "शर्यतीचा नको! बालंतिनीचा दे म्हनावं!"

भाच्याने आणलेल्या संचाबरोबर इंग्रजी माहितीपत्रक होतं. ते वाचायला मी. आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन काही वाचलं नाही. मी मराठीत सांगायचं, मामांनी ते हिंदीत उस्तादांना सांगायचं आणि उस्तादांनी मान हलवायची. संच दोन तऱ्हांनी बसवता येत होता. एक रोजच्या वापरासाठी, त्यात गिअर बऱ्यापैकी मऊ. दुसरी ओझी ओढणाऱ्या गाड्यांसाठी, त्यात गिअर धाडकन बसणार, पण चकत्या पुष्कळ वर्षं टिकणार. उस्ताद दुसरीच्या बाजूचे. "दामूभाई, नरम करोगे तो साल-दो साल में फिर जलेगा. कडक करो, जिंदगीभर की फुरसत." मामा ऐकेनात. "माज्या गाडीत बायका झोपतात, उस्ताद. सिमेंटच्या गोनी नाय." झालं, मऊ ठरलं.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना पावसाळ्यात आधार देणारी लाकडं किनाऱ्यावर मोकळी पडली होती. त्यांवरच गाडी चढवली. उस्ताद खाली शिरले. जुनं तेल धरायला भांडं हवं म्हणून मामांनी कुणाला न विचारता मामींचं मासळी धुवायचं घमेलं पुढे केलं. त्यात ते तांबूस काळपट तेल आलं आणि वरची लोखंडी पट्टी खाली घेताना आतले छरेही टपटप त्यातच पडले. उस्ताद म्हणाले, राहू देत, निवांत काढू. आम्ही ओटीवर चहाला बसलो.

इतक्यात बाजारातून मामी आल्या. डोक्यावरची पाटी उतरवली, घमेल्यात तांबडं पाणी दिसलं. वर्षानुवर्षं मासळीचं पाणी जिथे ओतलं तिथेच, म्हणजे परसातल्या माडाच्या आळ्यात, त्यांनी ते घमेलं सवयीने रिकामं केलं आणि विसळूनही टाकलं.

पुढचा गोंधळ काय सांगू! उस्ताद कपाळाला हात लावून बसले. मामा ओरडले, मामी त्यांच्या दुप्पट ओरडल्या, "माज्या घमेल्यात तेल वतायला कुनी सांगितला व्हता?" मग आळीतल्या बायका जवळा चाळायच्या चाळण्या घेऊन आल्या. माडाच्या बुंध्याची सगळी वाळू, तेलात माखलेली, मूठमूठ चाळली गेली. कुणी लाऊडस्पीकरचं लोहचुंबक आणलं. छरे एकेक करून सापडत गेले आणि एक राहिला. तो शेवटपर्यंत सापडला नाही. संचातले छरे वेगळ्या मापाचे होते. बोईसरच्या सायकलवाल्याकडून छऱ्यांची पुडी आणली तर त्यातला एक भोकातून पार निघून जाई आणि दुसरा आत शिरेना. त्या माडाने पुढे बरेच दिवस नारळ धरला नाही, हे मामींनी मामांच्या खात्यावर मांडलं.

मी पुन्हा माहितीपत्रक उघडलं. उरलेले छरे त्यातल्या चित्राशी ताडून पाहिले, तर जो हरवला होता तो मऊ गिअरसाठी लागणारा होता. कडक तऱ्हेने बसवायचं असेल तर तो छरा मुद्दाम वगळा, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. मामांकडे न बघताच मी ते मराठीत सांगितलं. उस्ताद सापडलेले छरे फडक्याने पुसत राहिले, हा त्यांचा मोठेपणा. मामा पाहुण्याला कुरवाळत बसले. कडक गिअरची गाडी की गाडीच नाही, एवढंच आता हातात होतं. शेवटी म्हणाले, "बसवा. धक्का गाडी देल. मी काय ते बघतो."

पहिल्या फेरीलाच गिअर असा बसला की मागच्या सीटवरच्या मामी पुढच्या सीटवर आल्या. गाडी मात्र उमरोळीचा चढ पळत चढली. मग मामांची तालीम सुरू झाली. रोज सकाळी घिवली ते बोईसर. मागे मामी, हातात चहाची भरलेली बशी. गिअर बदलायच्या अगदी आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलला तर धक्का कमी होतो हे मामांना सापडलं होतं. किती उचलायचा आणि केव्हा, एवढंच शिकायचं होतं. धक्का कळला का म्हणून प्रत्येक गिअरनंतर ते विचारत, "कल्ला का?" मामी लुगड्यावरचा चहा झटकत म्हणत, "कल्ला." हळूहळू चहा सांडेनासा झाला. तरी मामी म्हणत, "कल्ला." चहाचा थेंब हलला नाही तरी, "थोडा कल्ला." खोटं बोलून नवऱ्याला खूश करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मामांना साऱ्या जगाच्या शाबासकीपेक्षा मामींच्या तोंडून एकदा "कल्ला नाय" ऐकायचं होतं, आणि ते काही त्यांना मिळत नव्हतं.

रोगी मागे असला की मामा गिअरची वर्दी देत. "येतोय हां," असं हळूच म्हणत आणि पाय उचलत. माझं लग्न घिवलीतच झालं आणि माझ्या थोरलीच्या वेळी मीही त्या सीटवर आडवी झाले. पोटात कळा, बाहेर सगळा धुरळा, आणि पुढून एकसारखं, "येतोय हां, बाय. आता येतोय." त्या दिवसापर्यंत मला तुमी म्हणणारे मामा मध्येच तू म्हणायला लागले. "घाबरू नको तू. मी हाय ना." धक्का कळला की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पण ते "येतोय हां" मी घट्ट धरून ठेवलं होतं, आणि त्या माणसावर माझा बापासारखा जीव जडला तो तिथे.

पुढे त्यांनीच मला गाडी शिकवली. माझा डावा पाय सारखा ब्रेक दाबायला पुढे जाई. मामा रागावत, "त्याला पावना समज, बाय! पावन्याला कामाला लावतात काय?" गावात हसू झालं, पण मी शिकले. कडक गिअर बसवल्यावर तो गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागला नाही. उस्तादांचं म्हणणं खरं ठरलं. मामा मात्र कधी मान्य करत नसत. ते म्हणत, त्या माडाने ठरवलं.

मग गावाजवळ रुग्णवाहिका आली, लग्नांना नव्या गाड्या आल्या. मामांच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. नव्वदच्या दशकातली ती एक सकाळ. मामी माझ्या दाराशी आल्या, पदर धड नव्हता. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती. आम्ही मामांना त्यांच्याच गाडीत मागे झोपवलं. डोकं मामींच्या मांडीवर, पाहुण्याखाली उशी. मी चाकामागे बसले.

त्या दिवशी गेलेले मामा पालघरहून परत आले नाहीत. मला आठवतो तो रस्ता. मला "येतोय हां" म्हणायचं होतं, पण ते मला जमलं नाही. नुसता पाय उचलत होते, आणि तोही कधी लवकर, कधी उशिरा. बोईसरच्या नाक्यावर तर मी साफ चुकले. दुसरा गिअर असा बसला की माझे दात वाजले. आरशात बघायची माझी छाती झाली नाही.

उमरोळीचा चढ लागला तेव्हा मागून मामांचा आवाज आला. "बाय, निंगालो का आपून?"

"निघालो मामा. केव्हाच निघालो. उमरोळी आली."

"गिअर पडले?"

"पडले मामा. सगळे पडले."

"मना कल्लाच नाय," मामा म्हणाले.

मामी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा हात मामांच्या कपाळावर होता. बाहेर बघत बघतच त्या म्हणाल्या, "मना पन नाय कल्ला."