शोधनिबंधावर अक्कांची सही

त्रिपुरसुंदरीबाईंना कॉलेजात सगळे टी. एस. मॅडम म्हणत. अक्का म्हणायची ती एकटी विद्युलता.

विद्युलता सांगलीची. नवरा अशोक पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात लागला आणि लग्नानंतर तीही मद्रासला आली. नुंगंबाक्कमच्या एका महिला कॉलेजात तिला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये ती पदराने वारा घेत स्वतःशीच पुटपुटली, "काय बाई हा उकाडा!" तशी मागच्या खुर्चीतून आवाज आला, "हें काय उकाडें? मे महिना येऊं दे की गे."

विद्युलता दचकून वळली. कांचीपुरमची सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा. टी. एस. मॅडमना तिने तमिळ बाई धरलं होतं. तंजावरला गेलेल्या मराठी घराण्यातल्या होत्या त्या. कितव्या पिढीपासून ते त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी बोलायचं, बाहेर तमिळ आणि वर्गात इंग्रजी, अशी त्यांच्या आयुष्याची सरळ वाटणी होती. त्या मराठीत 'मला'चं 'मज' होई, 'झालं'चं 'जालं' आणि 'सगळे'च्या जागी 'अस्की' येई. सुरुवातीला विद्युलताला हसू यायचं. पुढे सांगलीला माहेरी गेली की तिच्याच तोंडातून 'अस्की' निघायला लागलं आणि भाऊ हसायला लागले.

दोन हजार तीन साली मद्रासमध्ये पाण्याचे फार हाल झाले. विहिरी तळाला गेल्या, जे उरलं ते खारट. त्याच सुमारास सरकारचा हुकूम निघाला की प्रत्येक घराने गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने जमिनीत सोडायचं. गल्लोगल्ली प्लंबरांची धांदल उडाली. एक दिवस प्रयोगशाळेत अक्का म्हणाल्या, "अस्की म्हणतात, आतां विहिरी गोड होतील. मापून कोणी पाहिलंय?"

कोणीच पाहिलं नव्हतं. मग या दोघींनीच पाहायचं ठरवलं. नुंगंबाक्कम आणि पश्चिम मांबळममधली ओळखीची घरं धरली आणि दर महिन्याला त्यांच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायला लागल्या. कॉलेज सुटलं की ब्युरेटमधून थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडायचं आणि क्रोमेट घालून पिवळं केलेलं पाणी विटकरी झालं की थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून मीठ किती ते कळे. काही घरांत पाइप नुसते दाखवायला लावले होते, खाली जमिनीला जोडलेलेच नव्हते. विद्युलता म्हणाली, "ही घरं सोडून देऊ या, अक्का." अक्का म्हणाल्या, "नको. तीं पण हवीं." त्या घरांना त्या 'सुकी घरं' म्हणत.

दुष्काळ सरला. दोन हजार पाचला इतका पाऊस झाला की बाटल्या भरायला दोघी गुडघाभर पाण्यातून गेल्या. दुसऱ्या वर्षी पोंगलनंतर निबंध लिहायला बसायचं, असं ठरलं होतं. पोंगल झाला आणि आठवड्याभरात अक्कांना पक्षाघाताचा झटका आला.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. हॉस्पिटलात त्या नुसत्या बघत राहायच्या. त्यांचे यजमान सेतुमाधवराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. ते रोज उशाशी बसून तमिळमध्ये पेपर वाचून दाखवत, कारण नवराबायकोंना पेपर तमिळच लागे. अक्कांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. एका दुपारी नर्सने भरवलेल्या घासाला त्यांनी तोंड फिरवलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "आंबट." सेतुमाधवराव बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये रडले.

त्यानंतर शब्द येत गेले, पण सगळे घरच्या मराठीतले. तमिळ थोडं समजे, बोलता येत नसे. इंग्रजी तर पुसूनच गेलं होतं. तीस वर्षं ज्या भाषेत त्यांनी शिकवलं, तिच्यातलं एक अक्षर त्यांना आता वाचता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. लहानपणीची भाषा खोल असते.

त्या उन्हाळ्यातल्या बाटल्या विद्युलताने एकटीने भरल्या आणि पुढच्या सुट्टीत निबंध लिहायला घेतला. ज्या नियतकालिकाकडे पाठवायचा होता, त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचना तिने छापून भिंतीला चिकटवल्या. दोन ओळींत दुप्पट अंतर. डाव्या कडेला ओळींचे आकडे. प्रत्येक तक्ता वेगळ्या पानावर, आलेख वेगळ्या फाइलींत. सारांश अडीचशे शब्दांच्या आत. संदर्भ लेखकांच्या नावाने नाहीत, मजकुरात ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने आकडे घालून. एक वाक्य वर-खाली केलं की पुढचे सगळे आकडे बदलायचे. अशोक म्हणाला, "आमच्याकडे अख्खा डबा याहून लवकर तयार होतो."

सगळ्यात शेवटी एक निवेदन जोडायचं होतं: सर्व लेखकांनी अंतिम मसुदा वाचला आहे आणि त्यांना तो मान्य आहे. खाली प्रत्येकाची सही.

विभागप्रमुख विजयलक्ष्मी मॅडमना तिने मसुदा दाखवला, तेव्हा त्या या निवेदनाशी थांबल्या. "विद्युलता, टी. एस. मॅडमना हे वाचता येणार नाही. तुम्ही खोटं कसं लिहिणार? त्यांचं नाव शेवटी आभारात घाला. कोणी वावगं म्हणणार नाही."

त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. नियमाने त्या बरोबरच होत्या. पण बसमध्ये बसल्यावर विद्युलताच्या मनात ते सलत राहिलं. बाटल्या उचलण्यापासून सगळी कल्पना जिची, तिचे आभार मानायचे? घरापर्यंत पोचेस्तोवर तिने ठरवलं, अक्कांना वाचता येत नसेल तर आपण वाचून दाखवायचं. मराठीतून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पश्चिम मांबळमला अक्कांच्या घरी गेली. अक्का झोपाळ्यावर उशीला टेकून बसल्या होत्या. सेतुमाधवरावांनी कॉफी आणून ठेवली.

"अक्का, निबंध झालाय. रोज थोडा थोडा सांगते. ऐकाल?"

अक्कांनी डाव्या हाताने झोपाळ्यावर आपल्या शेजारची जागा थोपटली.

विद्युलताला वाटलं होतं त्याहून ते अवघड निघालं. इंग्रजीत 'लक्षणीय घट आढळून आली' असं भारदस्त लिहिलेलं असे. अक्कांपुढे तसं म्हटलं की त्या भुवया उंचावत. मग सरळ सांगावं लागे: "मीठ कमी झालं." लगेच प्रश्न येई, "किती?" आकडा सांगितला की पुढचा, "कुठं?" कितीतरी वाक्यं अशी निघाली की मराठीत सांगायला गेल्यावर त्यांच्यात काहीच उरेना. विद्युलता ती पेन्सिलीने खोडत गेली. अक्का लवकर थकत. डोळे मिटले की त्या दिवसापुरतं वाचन संपे.

असं करत करत ती निष्कर्षाशी आली. तो लिहिताना तिला फार अभिमान वाटला होता. तिने तो हळू, मोठ्याने सांगितला: "गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत सोडल्यामुळे विहिरींचा खारटपणा निम्म्यावर आला."

अक्का म्हणाल्या, "नाहीं."

"नाही काय? आकडे आहेत, अक्का. दोन हजार चार आणि दोन हजार सहा, दोन्ही उन्हाळे शेजारी शेजारी ठेवलेत."

"नाहीं." अक्का शब्द शोधत होत्या. डावा हात हवेत वर नेऊन त्यांनी बोटं खाली आणली. "पाऊस. पावसानं जालं."

"पाऊस तर पडलाच. तोच पाइपातून…"

"सुकीं घरं?" अक्कांनी विचारलं. "सुकीं घरं कुठं?"

सुकी घरं विद्युलताने गाळली होती. तक्ता एका पानात बसवायचा होता, आणि पाइपच जोडलेला नाही तर त्या घराचा या अभ्यासाशी संबंध काय, असं तिने लिहिताना स्वतःला समजावलं होतं.

त्या दिवशी ती जरा रागातच घरी आली. अशोकला म्हणाली, "इतकं करून त्यांचं आपलं नाहीच. आजारी आहेत, त्यांना सगळं लक्षात तरी असेल का?" अशोक कोबी चिरत होता. त्याने विचारलं, "पण त्या सुक्या घरांचं पाणी गोड झालं की नाही?"

"पाहिलं नाही."

"मग पाहा की."

जेवणाआधीच तिने ते आकडे काढले. सुक्या घरांच्या विहिरींतलं मीठही कमी झालं होतं, जवळजवळ तितकंच. इतका पाऊस पडल्यावर सगळ्या शहराच्या पोटात पाणी मुरलं होतं. त्याने पाइप जोडलाय की नाही ते पाहिलं नव्हतं. तिचा निष्कर्ष खोटा होता असं नाही, पण खराही नव्हता. ती खुर्चीत मागे रेलून बसली. हा निबंध आहे तसा पाठवला तर बहुधा छापून येईल, हे तिला माहीत होतं. गाळलेली घरं कोणाला दिसणार होती? अक्कांना दिसली होती. आणि आता तिलाही.

मग ती महिन्यामहिन्यांचे आकडे ओळीने मांडून बघत बसली. तेव्हा तिला एक बारीक गोष्ट दिसली. पावसानंतर सगळ्याच विहिरी गोड झाल्या होत्या, पण पुढचा उन्हाळा चढू लागला तशी सुक्या घरांतली विहीर आधी खारट व्हायला लागली. पाइप जोडलेल्या घरांत गोडी जास्त दिवस राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अक्कांशेजारी झोपाळ्यावर जाऊन बसली. "तुमचं बरोबर, अक्का. पावसानंच झालं. पण पाइपवाल्यांकडे ते टिकलं. उन्हाळ्यात जास्त टिकलं."

"टिकलं?"

"हो. फार नाही. थोडं."

अक्का म्हणाल्या, "तें लिव्ह."

विद्युलताने तेच लिहिलं. शीर्षक बदललं, सारांश बदलला, तक्ता दोन पानांचा झाला आणि संदर्भांचे आकडे पहिल्यापासून पुन्हा घालावे लागले. ज्या मोठ्या नियतकालिकाच्या सूचना भिंतीवर होत्या, ते एवढ्याशा निष्कर्षाला विचारणार नाही हे ओळखून तिने दुसरं, लहान नियतकालिक निवडलं. त्यांना संदर्भ नावानेच हवे होते. ते वाचून ती इतकी हसली की कौमुदी, तिची मुलगी, अभ्यास सोडून बघायला आली.

सहीच्या दिवशी तिने नव्या संपादकांना लिहिलेलं पत्रही वाचून दाखवलं. एका लेखिकेला आजारामुळे इंग्रजी वाचता येत नाही, संपूर्ण मसुदा त्यांना मातृभाषेतून ऐकवला आहे आणि निष्कर्ष त्यांच्याच आक्षेपावरून बदलला आहे, असं तिने सरळ कळवलं होतं. सेतुमाधवरावांनी कागदाखाली पाटी धरली. अक्कांनी डाव्या हातात पेन घेतलं. अक्षरं लिहिता येईनात. शेवटी एक वाकडी रेघ आणि तिच्या टोकाला टिंब, एवढं उमटलं. पहिलं नाव कोणाचं घातलंय, असं त्यांनी नवऱ्याला खुणेने विचारलं. त्यांनी सांगितलं, "तुझंच."

"कां? लिव्हलं हिनं."

"मी नुसतं लिहिलं," विद्युलता म्हणाली.

अक्कांना वाद घालायचा होता. तोंड उघडलं, शब्द येईना, चेहरा लाल झाला. मग त्या वैतागून म्हणाल्या, "भूक लागली," आणि विषय तिथेच संपला.

विजयलक्ष्मी मॅडमनी ते पत्र वाचलं आणि त्याखाली विभागाचा शिक्का मारून दिला. "हे मला सुचायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. संपादकांचं उत्तर आलं की अशा सहीला त्यांची हरकत नाही. एका परीक्षकाने लिहिलं की निष्कर्ष माफक आहे, पण विश्वास ठेवण्याजोगा. दुसऱ्याने आणखी एक आलेख मागितला. विद्युलताने तो काढला, अक्कांना सांगितला, त्यांनी मान डोलावली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर निबंध छापून आला.

अक्कांचं इंग्रजी परत आलं नाही. कॉलेजात त्या पुन्हा शिकवू शकल्या नाहीत, आणि त्याबद्दल कधीतरी, शब्द सापडले तर, चिडून बोलत. पण काठी घेऊन घरात हिंडू लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात विद्युलता भेटायला गेली, तेव्हा परसदाराच्या खिडकीत पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. सेतुमाधवराव ओशाळून म्हणाले, "मला विहिरीतून काढायला लावते. दर महिन्याला."

"अक्का, यांच्यावर तारखा नाहीत."

अक्कांनी काठी भिंतीला टेकवली आणि एकेका बाटलीवर बोट ठेवत गेल्या. "माघ. फाल्गुन. चैत्र. वैशाख." शेवटच्या बाटलीशी त्या अडल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या. विद्युलताने नाव पुरवलं नाही. ती वाट बघत राहिली.

"जेठ," अक्का म्हणाल्या.

विद्युलताने पिशवी उघडली आणि त्याच क्रमाने बाटल्या आत ठेवायला घेतल्या.