येळवशीच्या दुसऱ्या दिवशी

माझे वडील, अण्णा, जाऊन महिना झाला होता, तेव्हा औशाजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला. गोठ्यात एकच देवणी गाय उरली होती, तीही गाभण. ती कधी व्यायची हे फक्त अण्णांना ठाऊक होतं. मागच्या खेपेला वासरू आडवं आलं होतं, म्हणून त्या दिवसांत आईला एकटं राहायचं नव्हतं. मला नांदेडहून रजा काढायची होती, पण कोणत्या आठवड्यात?

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णा गावातल्या गाईंच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवत. दर वर्षाची वेगळी शीट. मी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिने सगळ्या शीट वाचायच्या, गाय भरवल्याची तारीख घ्यायची आणि तीत गाभणपणाचे दोनशे त्र्याऐंशी दिवस मिळवायचे. गावच्या गाईंच्या तारखा भराभर आल्या. आमच्या गाईपुढे मात्र रिकामी जागा.

"सापडलं का तुझ्या मशिनीला?" आईने विचारलं.

"अण्णांनी तारीख लिहिलीच न्हाई."

"येडी का काय! जेवायचं इसरतील, लिहायचं न्हाई."

मग मी ती शीट स्वतः उघडली. तारखेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'येळवशीच्या दुसऱ्या दिवशी'. येळवस म्हणजे आमच्याकडचा मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण; स्क्रिप्टने ती तारीख मानलीच नव्हती.

आकड्यांत लिहा, म्हणून मी त्यांच्याशी कितीदा वाद घातला होता. ते म्हणायचे, "आकडा कुणाच्या ध्यानात राहतोय बाई? येळवस सगळ्यांच्या ध्यानात राहती."

त्या येळवशीला मीही होते. शेतात कडब्याच्या कोपीपाशी आम्ही पालेभाज्या-डाळींची भज्जी खाल्ली होती, अण्णांनी माझ्या वाटीत तिसऱ्यांदा आंबील ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी नांदेडची बस धरली आणि ते गाईला भरवायला दवाखान्याकडे घेऊन गेले. कॅलेंडरवर येळवस पाहिली, दिवस मोजले आणि आईला तारीख सांगितली.

"म्हणजे कोजागिरीच्या मागंपुढं," ती म्हणाली. "ये मग."

गाय कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी व्यायली. वासरू सरळ आलं. आईने खरवसाचं दूध काढायला घेतलं, मी ओसरीवर अण्णांची शीट उघडली. आधी तारीख आकड्यांत टाइप केली. मग ती खोडून लिहिलं, 'कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी'.