सरांचा एम-थ्री

माझ्या टेबलावर एक लोखंडी चौकोन असतो, साबणाच्या वडीएवढा. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, असं विचारणाऱ्याला मी सांगते. खरं म्हणजे पंखा बंद असला तरी तो तिथेच असतो. त्याच्या एका कोपऱ्यात खिळ्याच्या टोकाएवढा ठिपका आहे. तो ठिपका मिळवायला मला अमरावतीच्या आयटीआयमध्ये तीन आठवडे लागले होते, आणि त्या तीन आठवड्यांत मी आमच्या सरांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिल्या नसतील.

बाबा चांदूर बाजार ते अमरावती काळी-पिवळी चालवायचे. दहावीनंतर फिटर ट्रेडचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. "हातात काम असलं का कोणाच्या तोंडाकडं पाहा नाई लागत," म्हणाले. शेजारची काकू आईला विचारायची, "पोट्टीले लोखंड घासाले पाठोलं का वो?" मला राग यायचा, पण ती खोटं कुठे बोलत होती? सुरुवातीचे महिने आम्ही लोखंडच घासलं. एक ओबडधोबड तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळायचा, कानशीनं घासायचा आणि चारी बाजू काटकोनात आणायच्या. त्याला जॉब म्हणायचं. जॉब झाला की सरांकडे न्यायचा. सर तो खिडकीसमोर धरत, कडेला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावत आणि एक डोळा मिटून बघत. कड सरळ असेल तर गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेड येत नाही. माझ्या जॉबमधून रोज उजेड यायचा.

"उजेड दिसून राहिला," एवढंच म्हणून सर जॉब परत देत. कुठे चुकलं, किती घासू, काही नाही. सकाळी उजेड, दुपारी उजेड, दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेड! हाताला फोड आले, फोड फुटले, तरी उजेड काही जाईना.

शेवटी मी एक युक्ती केली. कडेवरून ग्रीसचं बोट फिरवलं. उजेड गायब. सरांनी जॉब धरला, बघितला, मग अंगठ्यानं कड पुसली आणि तो काळा अंगठा माझ्या नाकासमोर आणला.

"ग्रीसनं अंधार होते, पोरी. सपाट नाई होत."

वर्गातले पोट्टे मला महिनाभर 'ग्रीस' म्हणूनच हाक मारत होते. ज्या दिवशी खरंच उजेड आला नाही, त्या दिवशी सरांनी खिशातून आपला टोकदार पोलादी पंच काढला, हातोडीचा एकच टोला दिला आणि कोपऱ्यात ठिपका उमटला. ज्याच्यावर सरांचा ठिपका, तो जॉब पास. मी त्या दुपारी राजकमल चौकापर्यंत चालत गेले, मैत्रिणीला गिला वडा खाऊ घातला, आणि ठिपका तिला चार वेळा दाखवला. चौथ्यांदा ती म्हणाली, "माय वो, दिसला ना मले!"

हे सगळं आठवलं की अजून बरं वाटतं. पुढचं आठवलं की तितकंच वाईट वाटतं.

आयटीआयचे चांगले मार्क असले की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात घेतात. मला घेतलं. आमच्या खानदानात पॉलिटेक्निकची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे डोकं जरा चढलं. जरा कसलं, चांगलंच चढलं. शेवटच्या वर्षाला असताना कुठल्याशा दाखल्यावर सही घ्यायला आयटीआयमध्ये गेले. सर वर्कशॉपमध्येच होते. भोवती नवी पोरं व्हाइसवर वाकलेली. सरांनी हौसेनं विचारलं, "काय शिकवून राहिले तुमाले तिकडं?" मी पिशवीतून गणिताची वही काढून दिली. सर पानं उलटत राहिले. मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "हा लांबट एस कायचा हाय?"

इंटिग्रेशनची खूण होती ती. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण माझ्या जिभेला हाड कुठे होतं! पोरं ऐकताहेत हे बघून तर ती आणखीच सैल सुटली.

"राहू द्या ना सर. हे तुमच्या हातचं नाई. इथं कानस नाई चालत."

पोरं हसली. सरांनी वही मिटली, वरची धूळ पुसली आणि परत दिली. दाखल्यावर सही केली. मग पोरांकडे वळून म्हणाले, "चला, आपापल्या व्हाइसवर." मी बाहेर आले आणि गेटपर्यंत पोचायच्या आतच मला कळलं की आपण काय केलं. मागे फिरायला हवं होतं. फिरले नाही. सरांनी कुठे मनावर घेतलं असणार, अशी स्वतःची समजूत घातली आणि एसटी पकडली.

डिप्लोमानंतर मला अकोल्याला नोकरी लागली. डाळ मिलची मशीन बनवणारा एक कारखाना आहे, तिथे. काम आवडायचं, पण ड्रॉइंगवर सही करायची वेळ आली की डिग्रीवाल्याला बोलवायचे. चूक मी शोधायची आणि सही त्यानं करायची, हे दोन-तीन वर्षं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. तेवढ्यात कळलं की एका कॉलेजात नोकरदारांसाठी संध्याकाळची इंजिनिअरिंगची तुकडी निघाली आहे. डिप्लोमावाल्यांना पुन्हा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. म्हणजे मी दुसऱ्यांदा पहिलं वर्ष न करताच आत शिरले.

पहिल्या दिवशी वर्गात लवकर जाऊन तिसऱ्या बेंचवर बसले. सगळा वर्ग रिकामा. तेवढ्यात दारातून सर आले. माझे सर! केस पांढरे झालेले, हातात नवी कोरी वही. मी ताडकन उभी राहिले. मला वाटलं, बदली होऊन इथे शिकवायला आले असतील.

"बस, बस," सर म्हणाले. "मी बी तुह्यासारखाच. डायरेक्ट सेकंड इयर."

बदली खरंच झाली होती, अकोल्याच्या आयटीआयला. पण मधल्या वर्षांत त्यांनी नोकरी सांभाळून डिप्लोमा काढला होता, आणि आता डिग्रीला आले होते. निवृत्तीला उरलेली वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा वयात! आणि एवढे बेंच रिकामे असताना ते माझ्याच शेजारी येऊन बसले. ओळखीचा चेहरा बघून बसले असतील, असं मला वाटलं. मला मात्र तो पूर्ण तास जड गेला. माफी मागायची तर इतक्या वर्षांनी विषय काढायचा कसा? आणि ते विसरले असतील तर आपणच का आठवण करून द्यायची? असं म्हणत म्हणत मी एक वर्ष काढलं.

आता एम-थ्रीबद्दल सांगायला हवं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं ते गणित. पहिली दोन गणितं पहिल्या वर्षात होतात, आणि आम्ही तर पहिलं वर्ष ओलांडून आलेलो. म्हणजे पाया न खणता तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं. आमच्या तुकडीत कुणी भेटलं की 'कसं काय' नंतर विचारायचे, आधी 'एम-थ्री निघाला का?' माझा पहिल्या फटक्यात निघाला, काठावर. सरांचा हिवाळी परीक्षेत गेला. उन्हाळीत गेला. पुढच्या हिवाळीत पुन्हा गेला. बाकीचे विषय ते झटक्यात काढायचे, वर्कशॉपमध्ये तर शिकवणारेच त्यांना विचारायचे. एक एम-थ्री तेवढा हटून बसला होता. आणि दुसऱ्या वर्षाचं सगळं निघाल्याशिवाय शेवटच्या वर्षाला बसू देत नाहीत. उरली होती एकच उन्हाळी परीक्षा. ती गेली की वर्ष गेलं, आणि या वयात वर्ष गेलं की डिग्रीचं नाव सोडून दिलेलं बरं, असं सर स्वतःच म्हणाले.

मी म्हटलं, "सर, रविवारी मी येते घरी. बसू आपण."

"गुरूची विद्या गुरूला," मागच्या बेंचवरचा एक जण हसला. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पुढे महिनाभर माझ्याकडे नोट्स मागायला आला नाही.

सरांच्या घरी ओसरीवर चटई टाकून आम्ही बसायचो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तर्रीपोहे आणून ठेवायच्या आणि जाता जाता टोमणा मारायच्या, "यायच्या नातवाचा पाढ्याचा टाइम आला, अन् हे गणितं करून राहिले." सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. दुसऱ्याच रविवारी सर चष्मा शोधायला आत गेले तेव्हा काकू माझ्या जवळ टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोण्या पोट्टीनं काई तरी बोललं म्हणे यायले, पोरांसमोर. घरी आले तं दोन दिवस जेवले नाई धड. तवापासून हे खूळ भरलं डोक्श्यात. कोण होती ती मेली, नाव सांगत नाई."

मला ठसका लागला. काकूंनी पाणी दिलं. "तिखट झालं का वो?" मी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, ते तर्रीवर खपून गेलं. सर चष्मा घालून बाहेर आले आणि म्हणाले, "हं, कुठं होतो आपण?"

त्या दिवसापासून मी सरांना सोडलंच नाही. रविवार तर होताच, पण रोज वर्ग सुरू होण्याआधीचा अर्धा तासही धरला. सर पद्धती पाठ करायचे. उत्तर बरोबर यायचं, पण आकडा बदलला की गाडी अडायची. एकदा मधल्या चार पायऱ्या गाळून त्यांनी उत्तर लिहिलं. मी वही खिडकीकडे धरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ग्रीस लावलं सर तुमी. सपाट नाई झालं."

निघून गेल्यावर मी जीभ चावली. पुन्हा तेच! पण सर खदखदून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "दे इकडं," म्हणाले आणि पूर्ण पान खोडून पहिल्या पायरीपासून बसले. मग आमचं ठरूनच गेलं. गणित खरंच समजून सुटलं की मी पेन्सिलीनं कोपऱ्यात ठिपका द्यायचा. नाही सुटलं तर "उजेड दिसून राहिला सर." मे महिन्यापर्यंत त्यांच्या वहीत ठिपकेच ठिपके झाले होते. मी मात्र जे बोलायचं ते बोलले नव्हते. परीक्षेआधी त्यांचं मन नको बिघडवायला, असं कारण मी शोधून ठेवलं होतं. कारण शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पेपरच्या दिवशी अकोल्याचं ऊन असं, की गेटच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. सर रुमाल बांधून आले, गेले, तीन तासांनी बाहेर आले. मी विचारलं, "कसा गेला?" ते म्हणाले, "घासला तं खूप. आता पाहू."

निकालाच्या दिवशी मी कारखान्यात होते. मोबाइलवर साइट उघडत नव्हती. दुपारी सर स्वतःच आले. घामाघूम, हातात एक कागद. मी चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला, पण त्यांचा चेहरा नेहमी जॉब तपासतानाचाच असायचा. त्यांनी कागद माझ्या बेंचवर ठेवला. मार्कलिस्टची प्रिंट होती. एम-थ्रीसमोर पास लिहिलं होतं. काठावर, माझ्यासारखंच. मग त्यांनी खिशातून आपला तो जुना पंच काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मार ठिपका."

"सर, कागद फाटन."

"फाटू दे. झेरॉक्स काढून ठेवली म्या."

मी हातोडी घेतली. पंच कोपऱ्यावर टेकवला. टोला दिला आणि कागदाच्या कोपऱ्यात बारीकसं भोक पडलं. सरांनी तो कागद उचलून खिडकीसमोर धरला. भोकातून उन्हाचा एक ठिपका त्यांच्या गालावर पडला, आणि मला रडूच फुटलं. कारखान्यातली माणसं बघत होती. बघू देत.

"सर, त्या दिवशी आयटीआयमध्ये मी जे बोलली ना... कानशीचं... इतकी वर्षं मी विषयच नाई काढला. मले माफ करा."

सर कागदाची घडी घालत होते. घडी नीट चार कोपरे जुळवून घातली, खिशात ठेवली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"माह्या ध्यानात नसन असं वाटलं का तुले?" ते म्हणाले. "अवो, एवढे बेंच रिकामे होते. मी तुह्याच बाजूले काहून येऊन बसलो? तो लांबट एस तुह्याकडूनच शिकाचा होता मले."