बावीस वर्षं शिट्टी वाजवली

रेफ्रीकडं ट्रॉफ्या साठत नाहीत, किस्से साठतात. बावीस वर्षं कर्जत-खालापुरात फुटबॉलच्या मॅचना शिट्टी वाजवली, गेल्या महिन्यात खुंटीला टांगली. आता कुणी ‘आंधळा!’ म्हणालं तर निवांत चष्मा पुसतो. हातपाय शाबूत आहेत, हेच खूप!

*

पहिलीच मॅच, कापणी झालेल्या भातखाचरात. मी पेनल्टी दिली. इतक्यात शेताची मालकीण कोयता घेऊन हजर!

"ए शिट्टीवाल्या, हितं माझा वाल उगवलाय. पेनल्टी तिकडं मार!"

आम्ही मुकाट्यानं चार पावलं सरकलो. दोन्ही टीमनी एका शब्दानंही वाद घातला नाही. माझ्या निर्णयाला तो मान पुढं कधीच मिळाला नाही!

*

खोपोलीला मी कारखान्यात नोकरीला. कामगारांच्या मॅचमध्ये आमच्याच मॅनेजरसाहेबांना रेड कार्ड दाखवलं. जाता जाता म्हणाले, "सोमवारी केबिनमध्ये ये."

रविवारी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पिवळं दाखवून भागलं नसतं का?"

सोमवारी साहेबांनी दार लावून घेतलं. "बरं झालं काढलंस रे! गुडघा गेला होता. सगळ्यांसमोर सांगणार कसं?" वर चहा पाजला!

*

नेरळच्या एका सोसायटीत एक गृहस्थ मोबाईल घेऊन मैदानात घुसले. "रेफ्री, स्लो मोशन बघा! हँडबॉल!"

बघितलं. हात लागला होता खरा, पण त्यांच्याच जावयाचा!

गृहस्थ म्हणाले, "बॅटरी संपली वाटतं."

*

चौक गावात फायनल होती. एक-एक बरोबरी, शेवटचं मिनिट. गोलकीपर नितीन झेपावला, डोकं खांबावर आपटलं आणि तो हललाच नाही. मी शिट्टी वाजवली. त्यानंतरच समोरच्या टीमच्या महेशनं बॉल जाळ्यात मारला.

महेश माझ्या अंगावर धावून आला. "कशाला वाजवली रं? गोल हाय आमचा!"

मी नितीनकडं बोट दाखवलं. महेशचा उगारलेला हात खाली आला. त्यानंच रस्त्यावरचा टेंपो अडवला, नितीनचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं वळून बघायची हिंमत होत नव्हती.

तासाभरानं दवाखान्यात नितीननं डोळे उघडले. "घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठं मी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली!

नितीननं पहिलं काय विचारावं? "गोल झाला का रं?"

महेशनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "नाय रं. अडवलास तू."

नितीननं नजर माझ्याकडं वळवली. "खरं, सर?"

मी मान डोलावली.